आठ चालींची कॅसेट

आमच्या बँडची कॅसेट कधी विकायला आली नाही. घरगुती चार प्रती निघाल्या होत्या, त्यातली एक उंदरांनी खाल्ली, एक वाजवून वाजवून तुटली, उरलेल्या दोन कुठे गेल्या ते आता सांगणारंही कुणी नाही. तरी तिच्यावरच्या आठही चाली मला ओळीने पाठ आहेत. कुठली पहिल्या बाजूला, कुठली दुसऱ्या, कुठे बबनकाका खाकरतात आणि कुठे ताम्हिणीच्या पत्र्यावर पाऊस वाजतो, सगळं. नातवंडांना वाटतं, आजी पदरचं सांगते. वाटू दे. ती कॅसेट कशी जुळली आणि छापता छापता कशी राहिली, एवढंच मला इथे लिहून ठेवायचं आहे. माझं लग्न, सासर, पुण्यातलं बिऱ्हाड हे सगळं नंतरचं आणि चारचौघींसारखंच.

बँड म्हणजे लग्नातला, लाल कोटांचा. हंगामात वरातीला दहा-बारा माणसं उभी असत, पण त्यातली निम्मी इकडून तिकडून गोळा केलेली, काहींच्या तोंडाला वाद्य नुसतं शोभेला. खरा बँड चौघांचा. माझे अब्बा, उस्मान मास्तर, क्लॅरिनेट वाजवत आणि चाली बसवत. रिह्याचे बबनकाका ट्रंपेटवाले. त्यांची भातशेती होती, चेहरा कायम आत्ताच कुणाशी भांडून आल्यासारखा, आणि भांडण उभ्या जन्मात कुणाशी नाही. ताम्हिणीचे बारकूमामा नावाला बारकू, देहाने दारात न मावणारे. घाटात त्यांचं चहाचं हॉटेल होतं, आणि पोटाशी धरून वाजवायचा मोठा पितळी भोंगा त्यांच्याकडे होता. चौथे रतनदादा. ते आमच्या पौडचेच, बौद्धवाडीतले, तालुक्याच्या कचेरीत शिपाई. साइड ड्रम त्यांचा. ड्रमच्या काठ्या कचेरीच्या टेबलावरही चालत, आणि साहेब बाहेर आला की त्या हातात टाचणीची डबी येई.

बाजारपेठेत आमचं घड्याळ-रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे सोल्डरचा आणि राळेचा वास, पलीकडे कांद्याच्या फोडणीचा. मला भाऊ नव्हता. अब्बांची जवळची नजर उतरली तसं बारीक तारा जोडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दहावी झाल्यावर तर मी दिवसभर दुकानातच. अम्मा माझी बोटं धरून चटके मोजायची आणि म्हणायची, "मुलगी बघायला आलेल्या लोकांना काय सांगू, पोरगी रेडिओ रांधते म्हणून?" पण गिऱ्हाईक आलं की तीच पडद्याआडून ऐटीत सांगायची, "ठेवून जा, रशीदा बघंल."

भातलावणीपासून दिवाळीपर्यंत लग्नं नाहीत, म्हणून सुपाऱ्या नाहीत. घाटात दरड, ओढ्यांना पाणी, एसटी आली तर आली. चौघांनी एकत्र बसणं शक्यच नसे. त्यावर अब्बांनी एक युक्ती काढली होती, तिला आम्ही पाण्याची तालीम म्हणायचो. दुरुस्त करून कुणी न्यायला न आलेले टेप रेकॉर्डर त्यांनी बबनकाका आणि बारकूमामांना देऊन टाकले. अब्बा नवी चाल क्लॅरिनेटवर वाजवून कॅसेट भरायचे. मध्येमध्ये तोंडातून वाद्य काढून सांगायचे, "बबन, तू." चार मात्रा मोकळ्या. "बारकू, उचल." पुन्हा मोकळ्या. ती कॅसेट कंडक्टरच्या हाती रिह्याला जाई, तिथून ताम्हिणीला. आठ-पंधरा दिवसांनी दोघांच्या आपापल्या वाजवण्याच्या कॅसेटी परत येत, आणि अब्बा त्या ऐकून चुका काढत. बारकूमामांची कॅसेट सुकटीच्या पिशवीतून यायची. तिला असा वास असे की ती लावली की मांजर दुकानात. तिच्यावर पत्र्याचा पाऊस, ट्रकवाल्याचं "शेठ, दोन चा द्या", मामांचं "थांब रे बाबा, सूर चाललाय", सगळं आलेलं असायचं. बबनकाकांची मात्र शिस्तीची, सुरुवातीला "बबन बोलतोय, रिह्यावरनं" असं आकाशवाणीसारखं. आणि प्रत्येकजण दुसऱ्याची जागा मोकळी सोडून, पायाने ताल धरत थांबलेला. रतनदादांची कॅसेट नव्हती. ते तीन गल्ल्या पलीकडे राहायचे. कचेरी सुटली की दुकानात येऊन अब्बांसमोर स्टुलावर बसायचे आणि लाकडी फळीवर बोटांनी वाजवायचे. त्यांना कॅसेट कशाला, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

महाळुंग्याच्या एका लग्नात पुण्याच्या एका कॅसेटवाल्याने बँड ऐकला. आज त्या गावात इमारतींच्या गर्दीत मला रस्ता सापडत नाही, तेव्हा शेतात मांडव होता. तो कॅसेटवाला म्हणाला, सिनेमाची गाणी सगळेच वाजवतात, तुमच्या स्वतःच्या चाली असतील तर आणा, मी कॅसेट छापतो. झालं. अब्बा दोन पावसाळे आठ चाली बसवत होते. दोन्ही वर्षं घरात दुसरा विषय नव्हता. बबनकाका आंबेमोहोराचं पोतं घेऊन आले की आधी तांदळाचं नव्हे, तिसऱ्या चालीचं बोलणं. अम्माने चौघांचे कोट नव्याने रंगवून घेतले, कॅसेटीवरच्या फोटोसाठी. आणि त्याच हंगामात, कोळवण खोऱ्यातल्या एका लग्नात, रतनदादा ढोल टाकून निघून गेले. आम्हाला घरी कळलं ते एवढंच. अब्बा विचारलं की एकच वाक्य म्हणत, "ऐन वरातीत ढोल टाकून गेला." त्यानंतर त्यांनी क्लॅरिनेट पेटीत घातलं. बबनकाका दोनदा येऊन त्या पेटीकडे बघून गेले. बँड मोडला.

पुढे दोनेक वर्षांनी बारकूमामा गेले. छातीत कळ आली, घाटातून खाली आणेपर्यंत संपले. अब्बा मातीला जाऊन आले, आंघोळ करून दुकानात बसले आणि फळीखालचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. आत पाण्याच्या तालमीच्या सगळ्या कॅसेटी होत्या.

"ह्या पुसून टाक. लोकांना गाणी भरून द्यायला रिकाम्या कॅसेटी लागत्यात."

"बारकूमामांच्या पण?"

"सगळ्या."

मी डबा उचलून पडद्याआड नेला आणि अम्माच्या रजयांच्या घडीत ठेवला. अब्बांचा शब्द मी तोवर मोडला नव्हता. पण मामांचा आवाज पुसून त्यावर कुणाच्या तरी फर्माइशीची गाणी भरायची, हे माझ्या हातून होणार नव्हतं. आणि रडता रडताच माझ्या डोक्यात आलं की चौघं एकत्र वाजवणं आता जगात कुठे शक्य असेल तर ते ह्या डब्यात. अब्बा आहेत, बबनकाका आहेत, मामा आहेत, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला जागा सोडलेली आहे. मग ही कॅसेट मी जुळवणार. एकदा मी ठरवलं की ठरवलं. आमच्या घराण्यात हा गुण फक्त मला आला आणि त्याचं कुणी कौतुक केलं नाही.

शुक्रवारी दुपारी अब्बा नमाजला जात आणि तिथून परस्पर दोस्ताच्या पेढीवर टेकत. तो वेळ माझा. दुरुस्तीला आलेले चार टेप मी दुकानात मांडायची, बँड उभा राहतो तसे. पुढे अब्बांचा, डावीकडे बबनकाकांचा, मागे पिठाच्या डब्यावर मामांचा. मधोमध स्टुलावर चौथा, सगळ्यांचं मिळून भरून घ्यायला. बटणं दाबायला अम्मा. तिने पहिल्यांदा कपाळावर हात मारला, पण मामांचा आवाज ऐकल्यावर पदर खोचून बसली. पहिल्याच शुक्रवारी कळलं की सूरच जुळत नाहीत. मामा उतरलेल्या सेलवर टेप भरायचे, त्यामुळे चांगल्या मशीनवर त्यांचा भोंगा पिपाणीसारखा वर बोलायचा. त्याला मला उपाय होता. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. तो केसभर फिरवला की टेप हळू किंवा जलद होते. तीन शुक्रवार मी स्क्रू फिरवत होते. शेवटी मामा अब्बांच्या सुरात येऊन बसले तेव्हा मी आणि अम्मा दोघी टाळ्या वाजवून नाचलो, हे तिने मरेपर्यंत कबूल केलं नाही.

सूर बसला, पण ताल बसेना. तिघांना एकदम सोडलं की दहा मात्रांत तिघे तीन दिशेला, बाजारातल्या सुटलेल्या शेरडांसारखे. मी थांबवून, मागे घेऊन, पुन्हा सोडून पाहिलं. कुठे काय चुकतंय तेच कळत नव्हतं. महिनाभर डोकं फोडल्यावर मला मान्य करावं लागलं की हे तिघे आपले आपण कधी जुळलेलेच नव्हते. त्यांना जुळवणारा फळीवर बोटं वाजवत बसलेला असायचा, आणि त्याची कॅसेट डब्यात नव्हती.

एका रविवारी सकाळी मी पिशवीत टेप आणि कॅसेटी घालून रतनदादांकडे गेले. सुमनवहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मला पाट दिला, चहा टाकला आणि कशाला आलीस ते विचारलं नाही. रतनदादांनी विचारलं.

"मास्तरनी धाडलं?"

"नाही. त्यांना ठाऊक पण नाही."

मी मामांची कॅसेट लावली. पत्र्याचा पाऊस सुरू झाला, मग ट्रकवाला, मग "थांब रे बाबा". रतनदादा मोठ्याने हसले आणि हसता हसता त्यांनी खांद्याने डोळे पुसले. मग त्यांची बोटं गुडघ्यावर चालू झाली.

"ह्यो बारक्या जलमभर अर्धी मात्रा मागंच ऱ्हायला बघ. मी त्याच्यासाठी थांबायचो, कुणाला कळू न देता. तू त्याला आधी सोड, सगळ्यांच्या आधी. आन् बबन घाई करतुया, त्याला दाबून धर."

मला तर खजिनाच सापडला. मी म्हटलं, दादा, तुम्ही दुकानात या, तुम्ही नुसतं सांगा, मी बटणं दाबते. आणि तुमचा ड्रमही भरू. त्यांनी गुडघ्यावरची बोटं थांबवली. मग म्हणाले, "तुझ्या अब्बाची टेप लाव." मी लावली. क्लॅरिनेट थांबलं, अब्बांचा आवाज आला. बबन, तू. बारकू, उचल. आता ढोल.

"दुसरी लाव," रतनदादा म्हणाले. दुसरी लावली. तिसरी लावली. आठही चाली त्यांनी तेवढ्यापुरत्या ऐकल्या.

"आठ चाली, दोन पावसाळं. माझं नाव एकदा तरी आलं का, रशीदा?"

मी त्या कॅसेटी किती वेळा ऐकल्या होत्या ते मीच जाणे, आणि हे मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मी कायतरी बोलायचं म्हणून बोलले, "दादा, तुम्ही तर समोरच बसलेले असायचा."

"समोर बसल्याला नाव नसतं व्हय?"

सुमनवहिनींनी तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली. मग त्यांनी मला विचारलं, त्या लग्नाचं तुला घरी काय सांगितलंय. मी अब्बांचं वाक्य सांगितलं.

"टाकून न्हाई गेलो. कोट काढला, घडी घातली, ढोलावर ठिवला, मग गेलो," रतनदादा म्हणाले. "नवरदेवाला आधी देवाला न्यायचं हुतं. देवाम्होरं गावकीची हलगी लागती. वाजवणारा आलाच न्हाई, त्यानंबी सोडली आसंल. तर नवऱ्याचा चुलता म्हनला, तुमच्या बँडमधी हाय की त्यांच्यातला एक. आतनं हलगी आणली. मला वाटलं मास्तर म्हनतील, ह्यो माझा ड्रमवाला हाय. मास्तरनी हलगी घेतली आन् आपल्या हातानं माझ्या हातात दिली. 'एवढ्यापुरतं वाजव रे.' माझ्या बापानं धर्म बदलला त्या दिशी घरातली हलगी चुलीत घातली हुती. मी एवढासा हुतो. चामडं जळल्याचा वास अजून ध्यानात हाय माझ्या. ड्रम मी हौसंनं शिकलो, कोट घालून वाजवला. हलगी हुकमाची हुती. ती आमच्या हातात परत द्यायला मास्तर कोण?"

आता हलगीच्या स्पर्धा भरतात, पोरंपोरी मौजेने वाजवतात, बघताना माझेही पाय थिरकतात. पण ती गोष्ट वेगळी. तेव्हा त्या घरात मला मान वर करवत नव्हती. ज्या अब्बांचा मला गर्व, त्यांनी केलं होतं हे.

निघताना मी तरी विचारलंच, दुकानात याल का?

"यीन. बारक्यासाठी यीन. पर मास्तरनं बोलवाय पायजे. आन् चुकलं म्हनायचं तर चार माणसांत म्हनाय पायजे. चार माणसांत हातात दिलीया."

पुढच्या शुक्रवारी अब्बा परत येण्याच्या वेळेला मी टेप उचलून ठेवले नाहीत. ते आले, दारातच थांबले. चारही मशीन मांडलेल्या पाहून त्यांना क्षणभरात सगळं उमगलं असणार. त्यांचीच युक्ती होती ती.

"पुसल्या न्हाईस?"

"नाही," मी म्हटलं आणि त्यांची कॅसेट सुरू केली. बबन, तू. बारकू, उचल. आता ढोल. मागे घेऊन पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावल्यावर ते ओरडले, "काय चालवलंयस? ढोलाला ढोल न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं?"

पडद्याआडून अम्मा म्हणाली, "रतन म्हनायचं. आईबापानं ठिवलंय की त्याचं नाव."

शुक्रवारचं मटण त्या दिवशी तसंच राहिलं. अब्बा दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले, स्क्रूड्रायव्हर दे, सेल आण. मीही हट्टाने रोज सकाळी ते चार टेप मांडून ठेवायची; ते ओलांडून अब्बांना जागेवर बसावं लागे. लोक विचारायचे, मास्तर, हे काय नवीन? ते म्हणायचे, पोरीला विचारा. शेवटी एकदा, मी एका घड्याळाचा पट्टा घालत असताना, माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले.

"मी दुसऱ्याच्या देवाच्या दारात उभा हुतो, रशीदा. टोपीवाला. न्हाई म्हनलं तर हे लोक आपल्याला काय बोलतील, ह्याचंच भ्या वाटलं मला. म्हून माझ्यापरीसबी ज्याला लोक जास्त बोलू शकत्यात, त्याच्या हातात दिली. मला तवाच कळलं हुतं. त्यानं कोटाची घडी घातली न्हवं, तवाच."

मला त्यांचा राग होता आणि त्यांची दयाही आली, आणि दोन्ही मी लपवलं नाही. डोळे पुसत म्हटलं, मग हे मला नका सांगू, त्यांना सांगा.

सोमवारी ते कचेरीत गेले. व्हरांड्यात सातबाऱ्याच्या उताऱ्याला आलेली माणसं बसलेली, रतनदादा दारावर. हे मला रतनदादांनीच नंतर सांगितलं. अब्बा म्हणाले, "रतन, दुकानात ये. टेप जुळवायची हाय." रतनदादा म्हणाले, "बाकीचं रशीदानं सांगितलं का?" अब्बा म्हणाले, "सांगितलंय. ते मी टेपवर बोलतो. टेप चार गावांत वाजंल."

रिह्याहून बबनकाका आले तेव्हा त्यांनी एक सोपा मार्ग काढला होता. आपण तिघे जिवंत आहोत, वाद्यं आहेत. तिघांनी समोर बसून वाजवू आणि बारकूची तेवढी टेप मागे लावू. अब्बांनाही ते पटलं. रतनदादा मान हलवत म्हणाले, "न्हाई. बारक्या टेपमधी असंल तर समदे टेपमधीच. त्याला एकट्याला कशापायी पेटीत ठिवायचा?" पुढे कुणी तो विषय काढला नाही. म्हणून त्या कॅसेटीवर कुणीही दुसऱ्यासोबत वाजवलेलं नाही. प्रत्येकजण एकटाच आहे.

रतनदादांची टेप भरायला दुकानाचं दार लोटून घेतलं, फळीवर अम्माच्या रजया टाकल्या. ते साइड ड्रम गळ्यात अडकवून बसले, कानाला मी लावून दिलेला इअरफोन, त्यात अब्बांचं जुनं क्लॅरिनेट. अब्बा समोर. आधी पहिल्या चालीची हाक अब्बांनी नव्याने द्यायची, मग रतनदादांनी उचलायचं, असं ठरलं होतं. मी दोन्ही बटणं एकदम दाबली.

"बबन, तू," अब्बा म्हणाले. "बारकू, उचल."

मग ते थांबले. टेप फिरत होती. मला वाटलं थांबवावं, पण बोट बटणावर ठेवून मी तशीच बसले. त्यांना दुसरी संधी दिली असती तर त्यांनी ती वाक्यं तोलूनमापून म्हटली असती.

"आन् रतन. ह्यो माझा ड्रमवाला, रतन. त्या लग्नात देवाच्या दारात मी ह्याच्या हातात हलगी दिली. द्यायला नको हुती. चुकलं माझं. रतन, आता सांभाळून घे."

रतनदादांनी काठ्या उचलल्या. पहिली पूर्ण चाल ते डोळे मिटून वाजवत होते, आणि मोकळ्या जागा जिथे यायच्या तिथे बरोबर अर्धी मात्रा थांबत होते, मामांसाठी.

त्यानंतर सगळं सोपं झालं म्हणणार नाही, पण होत गेलं. रतनदादा स्टुलावर बसून हाताने खुणा करायचे; मी मामांना आधी सोडायची, बबनकाकांना दाबून धरायची. एकेक चाल दहा-दहा तुकड्यांत जुळवली. लाइट गेली की तुकडा गेला. अब्बा आता नमाजहून थेट घरी यायचे. सहावी चाल जुळत नव्हती तेव्हा चक्क बबनकाकांनी भांडण केलं, माझ्याशी. कव्हरचा पुठ्ठा मी कापला, त्यावर चौघांची नावं लिहिली. रतनदादांचं अक्षर चांगलं म्हणून त्यांच्याकडून दुसरी प्रत लिहून घेतली.

मग अम्मासकट आम्ही पाचजण एसटीने पुण्याला गेलो. अब्बांनी शेरवानी घातली होती, बबनकाकांच्या पायात त्यांच्या भाच्याचे बूट. तो कॅसेटवाला एका गल्लीत वरच्या मजल्यावर बसायचा. त्याला आम्ही आठवलो हेच मला नवल वाटलं. त्याने कॅसेट लावली आणि डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या. मध्ये ट्रकवाला आला तेव्हा हसला. मोठा भोंगा वाजवणारा माणूस वारला आहे हे सांगितलं तेव्हा त्याने तो तुकडा परत ऐकला.

"छापतो," तो म्हणाला. "ते 'बबन तू' वगैरे राहू द्या, मजा येते त्यात. फक्त सुरुवातीचं ते हलगीचं आणि चुकलं-बिकलं तेवढं काढा. लग्नाच्या मांडवात लोक हे ऐकणार का, मास्तर? उगाच कुणीतरी गावात आक्षेप घेईल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, इथेच काढून देतो."

मी खरं लिहिते. मला हो म्हणायचं होतं. दीड वर्ष मी त्या कॅसेटीसाठी जीव टाकला होता, आणि पुठ्ठ्यावरची नावं छापून येणार होती. रतनदादांनीच माझ्या मनातलं म्हटलं, "काढा, मास्तर. मी ऐकलं, बास झालं. बारक्याचं नाव तरी निघंल."

अब्बांनी आमच्या सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"न्हाई काढायचं ते," ते त्या माणसाला म्हणाले. "रतननं ऐकावं म्हून न्हाई बोललो मी. चार माणसांनी ऐकावं म्हून बोललो." मशीनचं झाकण त्यांनी स्वतः उघडलं, कॅसेट काढून शेरवानीच्या खिशात ठेवली, आणि चहा आलेला होता तो न पिता आम्ही खाली उतरलो. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. बबनकाकांनी मला शेंगदाणे दिले, दुसरं त्यांना सुचलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अब्बांनी दुकानातला सगळ्यात मोठा टेप उचलून बाहेर फळीवर ठेवला आणि त्याला रेडिओचे दोन जास्तीचे स्पीकर मला जोडायला लावले. चारी वाड्यावस्त्यांची माणसं होती, त्यात त्या लग्नाच्या गावची पण. कचेरीची जेवणाची सुट्टी झाली तसे रतनदादा आले आणि रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीशी उभे राहिले. अब्बांनी बटण दाबलं आणि जाऊन त्यांच्या शेजारी, सगळ्यांना दिसतील असे, टोपी घालून उभे राहिले. त्यांचाच आवाज पेठेत घुमला, कधी ऐकला नव्हता एवढा मोठा. बाजार थांबला वगैरे काही नाही. कांद्याच्या ढिगापाशी घासाघीस चालूच होती. पण जवळची माणसं वळली, कुणी अब्बांकडे बघितलं, कुणी रतनदादांकडे, आणि एकजण काहीतरी पुटपुटत पिशवी उचलून निघून गेला. मग ड्रम आला, त्याच्यामागून मामा, मग बबनकाका, मग क्लॅरिनेट, आणि चौघे मिळून वाजवायला लागले. पहिली चाल संपली. दुसरी सुरू व्हायच्या आत अब्बांनी रस्त्यापलीकडून मला हाक मारली.

"रशीदा, मागं घे. पुन्यांदा पहिल्यापासनं लाव. तिकडच्या टोकाला ऐकू गेलं नसंल."